माहिती देणाऱ्याचं नाव

गावातल्या लायब्ररीच्या तळघरात एक लांबट खोली आहे. जुनी वर्तमानपत्रं, जनगणनेच्या नोंदी, चर्चची रजिस्टरं असं सगळं तिथं बघायला मिळतं. दर मंगळवारी आणि गुरुवारी त्या खोलीतल्या टेबलामागे मालिनी बसते. पगार नाही, गळ्यात नुसता बिल्ला. स्टेट कॉलेज या पेनसिल्व्हेनियातल्या गावातली आणि आसपासच्या खोऱ्यांमधली पांढऱ्या केसांची माणसं तिच्याकडे येतात, पणजोबांचं नाव सांगतात आणि दोन आठवड्यांनी खापरपणजोबा घेऊन घरी जातात.

"आपल्याकडे बायका शेजाऱ्यांच्या घरात खिडकीतून डोकावतात," तिचा नवरा दिगंबर म्हणायचा. "आमची ही दीडशे वर्षं मागे जाऊन डोकावते."

अठ्ठावन्न वर्षांची ही सांगलीची बाई या कामात इतकी वाकबगार झाली होती की इथं जन्मलेले लोक आपल्या घरची भांडणं तिला विचारून खात्री करून घेत. नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. नोंद वाचायच्या आधी माहिती कुणी दिली ते वाचायचं. मृत्यूच्या दाखल्यावर खाली एक ओळ असते, माहिती देणाऱ्याचं नाव. जावयानं माहिती दिली असेल तर जन्मसाल चुकतं. सुनेनं दिली असेल तर आजेसासूचं नाव चुकतं. आणि ज्याला काही लपवायचं असतं त्यानं दिली असेल तर काहीच चुकत नाही, फक्त काहीतरी नसतं.

हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. लोक ते लिहून घ्यायचे. तेव्हा मालिनी टेबलावरचे कागद उगाच सारखे करायची.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी शेजारची लॉइस कॉन्ली मागच्या दारानं आत आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी राहणारी, दारातला बर्फ स्वतः काढणारी बाई. हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मालिनी मेथी निवडत बसली होती. समोर तिची भाची रोशनी पोहे खात होती. रोशनी म्हणजे मालिनीच्या धाकट्या बहिणीची, इलाची मुलगी. नागपूरहून इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करायला आलेली. दर रविवारी कॅम्पसची बस पकडून मावशीकडे जेवायला यायची आणि संध्याकाळी दोन डबे घेऊन परत जायची.

मालिनीनं मेथी बाजूला सारली. लॉइसनं अभ्रा उलगडला. आत घरचं बायबल होतं, कातडी बांधणीचं. मधल्या पानावर लॉइसच्या पणजोबांच्या मुलांचे जन्म लिहिलेले होते.

पणजोबा जोसेफ ॲशवर्थ मूळचा इंग्लंडमधल्या लँकेशायरचा विणकर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापूस तिकडे जायचा थांबला, गिरण्या थंडावल्या. तेव्हा जोसेफ बायको सेराला आणि पोरांना घेऊन फिलाडेल्फियाला उतरला. मागावर वाढलेले हात पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात कोळसा फोडू लागले. एवढं लॉइसला माहीत होतं. पानावर सात जन्मांच्या ओळी होत्या. त्यातली दुसरी ओळ कुणीतरी चाकूनं खरवडून काढली होती. कागद तिथं इतका झिजला होता की मागच्या पानावरची अक्षरं दिसत होती.

"लहानपणापासून मी ही जागा बघतेय," लॉइस म्हणाली. "कोण होतं हे, असं विचारलं की घरातलं कुणीतरी लगेच जेवायला हाक मारायचं. जुलैमध्ये आमची सगळी ॲशवर्थ मंडळी पार्कात जमणार आहेत. त्यापुढच्या जुलैचं मी कुणाला वचन देत नाही. तेवढ्यात मला हे नाव शोधून दे."

"लॉइस, खरवडलेलं कसं वाचणार?"

"मी वाचते ना," रोशनी चमचा चाटत म्हणाली. "आमच्या लॅबमध्ये यूव्ही टॉर्च आहे. जुनी शाई असेल तर काळी दिसेल. नेक्स्ट संडे घेऊन येते. मावशी, तू फक्त खोलीत अंधार कर."

पुढच्या रविवारी मालिनीच्या कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यावर बायबल ठेवून, तिघींनी ते पान बघितलं. निळसर उजेडात खरवडलेल्या जागेतून अक्षरं वर आली. एलन, १८५८.

"हाय, एलन," लॉइस हळूच म्हणाली. दार उघडताच उंबऱ्यात नातेवाईक दिसावा तशी.

पुढचे दोन महिने मालिनी एलनच्या मागे होती. १८७० च्या जनगणनेत ती सापडली, वय बारा. १८८० मध्ये घरात नव्हती. मेलेल्यांत नव्हती, अनाथाश्रमात नव्हती, तुरुंगातही नव्हती. शेवटी मे महिन्यात डोंगरापलीकडच्या एका कॅथलिक चर्चच्या रजिस्टरमध्ये मिळाली. पाद्रीबुवांनी सगळं लॅटिनमध्ये लिहिलं होतं, म्हणून एलनची हेलेना झाली होती. १८७८ मध्ये तिनं पॅट्रिक नावाच्या आयरिश खाणकामगाराशी लग्न केलं होतं. बापाच्या घरापासून आठ मैलांवर संसार केला, सहा मुलं वाढवली आणि १९३१ मध्ये, त्र्याहत्तर वर्षांची होऊन वारली.

मालिनीनं हे सांगितलं तेव्हा लॉइस आधी हसायलाच लागली.

"आम्ही प्रॉटेस्टंट आणि तो कॅथलिक! एवढंच? अगं, माझा नवरा फ्रँक कॅथलिक होता. चाळीस वर्षं त्या पार्कात ॲशवर्थांची कणसं त्यानंच भाजली!" मग हसू आटलं. "कुणी खरवडलं गं? जोसेफनं?"

मालिनीकडे उत्तर होतं. कागद समोर मांडताना तिला नेहमी वाटतं ते समाधान मात्र वाटत नव्हतं.

१९०० च्या जनगणनेत प्रत्येक बाईला दोन प्रश्न विचारले जायचे. मुलं किती झाली, आणि हयात किती. सरकारी माणूस सेराच्या दारात आला तेव्हा तिनं सांगितलं होतं, सात झाली, सात हयात. लेकीच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. नवरा कदाचित आत बसून ऐकत असेल. तरी सात.

१९०९ मध्ये जोसेफ वारला. पेपरातल्या बातमीत छापलं होतं, मागे पत्नी आणि सहा अपत्ये. मृत्यूच्या दाखल्यावर माहिती देणाऱ्याचं नाव होतं टॉम ॲशवर्थ, मुलगा. पुढच्या वर्षी पुन्हा जनगणना झाली तेव्हा म्हातारी सेरा टॉमकडे राहत होती. नोंद होती, सात झाली, सहा हयात.

"म्हणजे सेरानं सांगितलं नाही हे," रोशनी म्हणाली. "घर कोणाचं, तर टॉमचं. माहिती देणारा टॉम. मग पेपरवाल्यांनाही त्यानंच सांगितलं असेल. मावशी, तुझा रूल काय भारी आहे यार."

"खात्रीनं नाही सांगता येत," मालिनी म्हणाली.

लॉइसनं बायबल जवळ ओढलं. टॉम तिचा आजोबा. ती नऊ वर्षांची असताना गेला.

"मला सफरचंद सोलून द्यायचा," ती म्हणाली. "खिशातल्या छोट्या चाकूनं. साल कुठंही न तुटता एका लांब पट्टीत निघायची. मी टाळ्या वाजवायचे." तिनं बायबल मिटलं. "जोसेफ असता तर बरं झालं असतं. त्याला मी ओळखत नव्हते. टॉमची मी लाडकी होते. मला लाज वाटतेय, मॅलिनी. हे वेड्यासारखं आहे का?"

"नाही," मालिनी म्हणाली. स्वतःबद्दल तेवढाच एक शब्द त्या दुपारी ती खरा बोलली.

लॉइस गेल्यावर रोशनीनं सहज विचारलं, "मावशी, आपल्याकडे पण असतं ना असं पुस्तक? कुळवृत्तांत? आई सांगते, अप्पा आजोबांनी त्यात तिला घातलंच नाही. एकच मुलगी छापली. तू. तुझ्याकडे आहे का ते? बघू ना."

"हरवलं," मालिनी म्हणाली. "मागच्या घरातून इकडे येताना."

पुस्तक वरच्या मजल्यावर होतं. रजयांच्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली, शालूच्याच पिशवीत.

चोवीस वर्षांपूर्वी मालिनी भारतात गेली होती. इलाला नुकतीच मुलगी झाली होती. त्याच्या तीन वर्षं आधी इलानं नागपूरच्या ईश्वर मेश्रामशी लग्न केलं होतं, तेव्हापासून सांगलीच्या घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. मालिनी मात्र बारशाला नागपूरला गेली. चांदीची वाटी घेऊन गेली, बाळाच्या कानात 'रोशनी' म्हणणारी तीच. रमाबाई, ईश्वरची आई, तिला जेवताना तीन वेळा म्हणाल्या, "पोरीच्या माहेरचं कोणीतरी आलं, ताई. आमचं घर भरलं." इला न्हाणीघरात जाऊन रडून आली.

तिथून दहा दिवसांनी मालिनी सांगलीत अप्पांच्या जेवणाच्या टेबलावर बसली होती. कुळवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार होती, कुलमंडळाचा छापील फॉर्म आला होता. अपत्ये किती, पुत्र, कन्या, जावयाचे नाव, आडनाव, गाव. अप्पांचा हात कापायचा. त्यांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

"तू भर," ते म्हणाले. "तुला योग्य वाटेल तसं. मला काही सुचत नाही."

एवढंच म्हणाले. 'इलाला घालू नको' असं म्हणाले नाहीत. जावयाच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. दिगंबरच्या घरी तिनं धाकट्या बहिणीबद्दल फक्त 'नागपूरला नोकरी करते' एवढं सांगितलं होतं. त्या उन्हाळ्यात सासूबाई पहिल्यांदाच अमेरिकेत सहा महिने राहायला येणार होत्या. कुलमंडळाची पुस्तकं त्या आवडीनं वाचायच्या. कोण कुणाचं कोण हे त्यांना तोंडपाठ असायचं. कारण एवढंच. मालिनीनं कन्या या शब्दापुढे एक लिहिलं, आपलं नाव लिहिलं, दिगंबरचं लिहिलं आणि खाली माहिती देणाऱ्याच्या जागी सही केली.

पुस्तक छापून आलं तेव्हा ती इकडे परतली होती. फोनवर अप्पांनी विचारलं, "एकच लिहिलंस?"

"हो."

"बरं," अप्पा म्हणाले. पुन्हा त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

चुलत भावंडांकडून इलाला कळलं. तिला वाटलं, अप्पांनी केलं. वाटणारच. आठ वर्षांनी अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा मालिनीनं तिला फोन केला, जाऊन ये म्हणून. "ज्या घरात मी मोजलेच गेले नाही तिथं काय येऊ, ताई?" इला म्हणाली. ती गेली नाही. अप्पा शेवटच्या आठवड्यात दार वाजलं की मान वळवायचे, असं सांभाळणाऱ्या बाईनं नंतर सांगितलं. तेव्हाही मालिनी बोलली नाही. आता सांगून काय उपयोग, असं तिनं स्वतःला समजावलं. दर दिवाळीला मात्र नागपूरला साडी पाठवत राहिली. इला सगळ्यांना सांगायची, माझ्या ताईनं मला कधी तोडलं नाही.

जुलैतल्या शनिवारी पार्कात साठ-सत्तर माणसं जमली. लांब टेबलांवर बटाट्याचं सॅलड, ॲपल-पाय, तळलेलं चिकन. मालिनीनं साबुदाणेवडे नेले होते, ते पहिल्या पाच मिनिटांत संपले. डोंगरापलीकडून एलनच्या दोन पणत्या आल्या होत्या. त्यांना कुठं बसावं कळेना. लॉइसनं त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

झाडांमध्ये दोरी बांधून लॉइसनं वंशवृक्षाचा मोठा कागद टांगला होता. दुसऱ्या जागी एलन होती, पॅट्रिक होता, सहा मुलं होती. खाली कोपऱ्यात लॉइसनं स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'माहिती देणारी: लॉइस, टॉमची नात.'

मग ती बाकावरून उठून उभी राहिली.

"माझ्या आजोबानं आपल्या सख्ख्या बहिणीला पुसून टाकलं," ती म्हणाली. "मी त्याच्या मांडीवर बसून सफरचंदं खाल्लीत. हे सांगायला मला लाज वाटते, म्हणून मीच सांगतेय." कुणीतरी खोकलं. "एलनला शोधून काढलं माझ्या शेजारणीनं. मॅलिनी, उभी राहा. ही बाई त्या वेळी आमच्या घरात असती तर एलनची ओळ कुणी खरवडूच शकलं नसतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एलनच्या धाकट्या पणतीनं येऊन मालिनीला मिठी मारली. तिच्या केसांना कणसं भाजल्याचा वास येत होता. मालिनीला वाटलं, आपण उभं राहायला नको होतं. पण बसायलाही जमेना.

रोशनी समोर फोन धरून चित्रण करत होती. तिनं ते लगेच आईला पाठवलं. नागपुरात रात्रीचे दहा वाजले होते, तरी उत्तर दोन मिनिटांत आलं. रोशनीनं फोन मावशीच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघ, आई काय म्हणते."

इलानं लिहिलं होतं, 'ताई आहेच तशी. अप्पांच्या त्या घरात तेवढी एकच माझ्या बाजूची होती.'

घरी पोचल्यावर दिगंबर आत जाऊन पडला. मालिनी वरच्या मजल्यावर गेली. शालू बाजूला काढला, पुस्तक काढलं. खाली येऊन ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोशनीसमोर ठेवलं.

"हरवलं नव्हतं," ती म्हणाली.

रोशनीनं हात पुसले. मालिनीला वाटलं होतं ती आधी अप्पांचं पान शोधेल. तिनं शोधलं नाही. जे शिकवलं होतं तेच तिनं केलं. पुस्तक उलटं करून सरळ शेवटच्या पानांवर गेली. तिथं बारीक टायपात, घराण्याच्या क्रमांकानुसार, माहिती देणाऱ्यांची यादी होती. ती यादी कुणी वाचत नाही. रोशनीचं बोट एकेक ओळ उतरत गेलं आणि थांबलं.

"तू," ती म्हणाली.

"हो."

"अप्पांनी लिहायला लावलं?"

अजूनही एक वाट उघडी होती. 'हो' म्हटलं असतं तर ते खोटं आहे असं सांगायला जगात कुणी उरलं नव्हतं.

"नाही. ते म्हणाले, तुला योग्य वाटेल तसं लिही."

"आणि तू माझ्या बारशाहून आली होतीस."

"दहा दिवस झाले होते."

"मग का?"

"सासूबाई वाचतील म्हणून."

रोशनी तिच्याकडे बघत राहिली. आणखी काही मोठं कारण येईल याची वाट बघत असावी. आलं नाही.

"बस एवढंच?" ती म्हणाली. लॉइस 'एवढंच?' म्हणाली होती तेव्हा तिला हसू फुटलं होतं. रोशनीला नाही फुटलं. "आई नाही गेली ना आजोबांकडे. शेवटपर्यंत नाही गेली. पंधरा-सोळा वर्षं झाली, अजून त्यांच्या नावानं बोटं मोडते. आणि दिवाळीला तुझी साडी आली की पहिल्यांदा बाबांना नेसून दाखवते."

"मी सांगते तिला."

"तूच सांग. मी नाही सांगणार." रोशनीनं पाठीवर बॅग घेतली. "माहिती देणाऱ्यानंच द्यायची असते ना."

ती बसस्टॉपकडे गेली. ओट्यावर तिच्यासाठी भरून ठेवलेले दोन डबे तसेच राहिले. एकात मेथीचे ठेपले, दुसऱ्यात मटकीची उसळ. मालिनी ते डबे घेऊन दारापर्यंत गेली, कोपऱ्यावर रोशनीची पाठ दिसत होती, हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. तिनं डबे परत आणून फ्रिजमध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तिनं नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे सहा.

"ताई!" इलाचा आवाज नेहमीसारखा मोठा. "काय गं, काल किती टाळ्या! यांनी दोनदा बघितलं. म्हणतात, तुझी बहीण तिकडे पुढारी झाली. बोल, बोल. कुकर लावलाय, एक झालीये, तीन झाल्या की बंद करते. तोवर बोल."

"इला, मी सांगते ते मधे न बोलता ऐकशील?"

"अगं बाई. तब्येत बरी आहे ना? रोशनी?"

"सगळे बरे आहेत. कुळवृत्तांतात कन्या एक असं छापलंय ना. ते अप्पांनी नाही लिहिलं."

"मग?"

"मी लिहिलं. तुझ्याकडून, बारशाहून आले होते. अप्पांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, तुला योग्य वाटेल तसं भर. तुला घालू नको असं ते म्हणाले नव्हते. नंतर त्यांनी मला विचारलं, एकच लिहिलंस? मी हो म्हटलं."

तिकडून दुसरी शिट्टी ऐकू आली.

"माझ्या सासरी कळेल म्हणून लिहिलं मी. दुसरं काही कारण नव्हतं. तू अप्पांकडे गेली नाहीस तेव्हाही मी सांगितलं नाही. ते दार वाजलं की बघायचे, इला. ते मला माहीत होतं."

मालिनी थांबली. माफ कर म्हणायचं तिनं रात्रीच ठरवलं होतं, चार-पाच प्रकारे म्हणून बघितलं होतं. आता ते शब्द घेऊन ती उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की ते मागणंसुद्धा इलाकडून आणखी काहीतरी घेणंच आहे. तिनं ते म्हटलं नाही.

"इला?"

तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मागे कुकरची तिसरी शिट्टी झाली. मालिनीला वाटलं, आता ती उठेल, थांब म्हणेल.

चौथी झाली. पाचवी झाली. गॅस बंद करायला कुणी उठलं नाही, आणि फोनही कुणी ठेवला नाही.